पिवळीचं पाणी

गल्लीत निळे ड्रम बाहेर आले, की आमच्याकडं उन्हाळा लागतो. कॅलेंडरात तो कधी लागतो ते मी पाहत नाही. परवा सकाळी गच्चीवरून पाहिलं तर समोरच्या ओळीत सात-आठ ड्रम मांडलेले होते, प्रत्येकावर ऑइलपेंटनं आडनाव आणि प्लॉट नंबर. मीही जिन्याखालचा आमचा ड्रम काढला, आतली कोळिष्टकं पुसली आणि दारापुढं नेऊन ठेवला. कोपऱ्यावर नव्या जलवाहिनीचे पाईप येऊन पडलेत. माणूस वाकून आत शिरेल एवढे मोठे. दुपारी त्यांच्यात कुत्री झोपतात. पाणी कधी येणार ते कुणी सांगत नाही, आणि आता आम्ही विचारतही नाही.

ड्रम ठेवून आत आलो आणि हॉलमधल्या काचेच्या टाकीसमोर उभा राहिलो. दर वर्षी हे असंच होतं. मासे तर रोजच समोर असतात. पण टँकरचे दिवस आले की एकच उन्हाळा आठवतो, आणि त्या उन्हाळ्यात मी बोललेलं एक वाक्य. ते बोलायला नको होतं एवढं मला कळतं. चूक नेमकी कुठून सुरू झाली, ते मात्र इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. धागा ओढायला जावं तर गुंता वाढतो.

आमचं गाव पाचोडपासून पायी जाण्यासारखं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर मेंढरं राखली. शाळेत मास्तरांनी ‘पोरगं हुशार आहे’ असं एकदा सांगितलं आणि आबांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली, ती पुन्हा दिली नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि वाळूजच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. काम पाणी तपासण्याचं. ज्याच्या बापानं पाण्याच्या शोधात रानं तुडवली, तो मुलगा काचेच्या नळीत पाणी घेऊन त्याचा रंग कधी बदलतो ते बघत बसतो. याला प्रगती म्हणायचं, आणि मी म्हणतोही. मला मिळालं ते कमी नाही.

बीड बायपासच्या पलीकडं आम्ही रो-हाऊस घेतलं तेव्हा शहर तिथवर पोचलं होतं, शहराचं पाणी पोचलं नव्हतं. कॉलनीचा बोअर होता. त्याचं पाणी असं, की डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, आणि नळाच्या तोंडावर पांढरा थर चढे. प्यायला थंड पाण्याचा जार विकत यायचा, एक दिवसाआड. मी बोअरचं पाणी बाटलीत घालून प्रयोगशाळेत नेलं, तर आमचे साहेब हसून म्हणाले, “काय हो, समुद्रावर जाऊन आलात का?”

त्याच आठवड्यात शहागंजात काही कामाला गेलो होतो. एका बोळात रंगीत माशांचं दुकान दिसलं. दुकानदार रऊफभाई. मी नुसता बघत उभा होतो, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचाच.

“तुम्हारे उधर पानी कैसा है?”

“खारं. एकदम जड.”

“फिर क्या! अफ्रिकावाले रखो. उनकू ऐसाइच पानी होना. मीठे पानी में ये लोगां बीमार पडते.”

त्यांनी दाखवलेले मासे सिक्लिड जातीचे. आफ्रिकेतल्या कुठल्या मोठ्या सरोवरातले, खडकांत राहणारे. हळदीसारखे पिवळे, निळ्यावर काळे पट्टे असलेले, एक तर जांभळाच्या रंगाचा. माझा विश्वास बसेना. ज्या पाण्याला आमची सगळी कॉलनी शिव्या घालत होती, ते पाणी जगात कुणाला तरी मानवत होतं. मला त्या पाण्याची बाजू घ्यावीशी वाटली, असंच म्हणावं लागेल. दुसरं कारण सांगता येत नाही.

टाकीत दगड घातले ते शेजारच्या प्लॉटवर पाया खणताना निघालेले काळे धोंडे. आठवडाभरात प्रत्येक माशानं आपापला धोंडा धरला. दुसरा जवळ आला की अंगावर धावून जायचं. बाहेर रोज नवे प्लॉट पडत होते, चुन्याच्या रेघा मारल्या जात होत्या, आणि आत काचेत तेच चाललं होतं. मंगल, माझी बायको, म्हणायची, “ह्यांना सातबारा तेवढा काढून द्या.”

मग दुष्काळाचं ते दुसरं वर्ष आलं. गावची विहीर जानेवारीतच आटली. मोठा भाऊ मेंढरं घेऊन पैठणच्या खाली, गोदावरीच्या पात्राकडं उतरला. आबांच्या गुडघ्यानं साथ सोडली होती. कळप निघाला आणि ते मागं राहिले, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी जाऊन त्यांना घेऊन आलो. येताना एसटीत ते खिडकीशी बसले आणि उजाड रानाकडं बघत राहिले. चिकलठाण्यापाशी मोठ्या इमारती दिसायला लागल्या तेव्हा एवढंच म्हणाले, “हे सगळे पाणी कुठलं पेत्यात?”

घरी आल्यावर मंगलनं तांब्या पुढं केला. आबांनी तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. टाकीकडं बघत होते.

“जित्राबाला झालं का पाणी?” त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. “आबा, ते पाण्यातच आहेत.”

मंगलही हसली. आबा हसले नाहीत. लहानपणापासून मी पाहिलं होतं, दुपारी मेंढरं पाण्यावर नेली की सगळी पिऊन सावलीला बसेपर्यंत आबा ओंजळभरसुद्धा पीत नसत. ओठ फुटलेले असले तरी नाही. हे मला माहीत होतं. तरी मी हसलो. पदवी घेतलेला माणूस कशाला हसतो, हा एक वेगळाच विषय आहे.

आबांना मासे आवडले की नाही, हे मला शेवटपर्यंत नीट समजलं नाही. पहिले चार दिवस त्यांनी टाकीकडं पाठ करून जेवण केलं. भाऊ नदीच्या पात्रात झरे उकरत असताना इथं भिंतीएवढं पाणी शोभेला ठेवलंय, हे त्यांच्या पाठीवरच लिहिलेलं असायचं. मी सांगितलं, की हे पाणी कुणी पीत नाही, बोअरचं आहे, आणि बदललेलं पाणी मी कडुनिंबाला घालतो. ते म्हणाले, “व्हय, असंल.” मग एक दिवस ऑफिसातून आलो तर खुर्ची टाकीकडं वळवलेली. काठी दोन्ही हातांनी धरून, हनुवटी तिच्यावर टेकवून बसलेले. अगदी बांधावर बसायचे तसे.

“ह्यो निळा लई माजलाय,” ते म्हणाले. “कुणाला खाऊ देईना. सरपंच हाये जनू.”

त्या दिवसापासून निळा सरपंच झाला. पिवळ्या मादीला ते पिवळी म्हणू लागले. मेंढ्यांनाही आबा अशीच रंगावरून नावं देत. सकाळी उठले की आधी टाकीपाशी. कोण कुठं आहे, कोण लपलंय, कोणाचं शेपूट फाटलंय, सगळं त्यांच्या लक्षात. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याचं मन रमलं. यापलीकडं मी विचार केला नाही.

एप्रिलमध्ये पिवळीनं खाणं सोडलं. मी एका नजरेत ओळखलं. हिच्या जातीत मादी अंडी तोंडात घेते. तिथंच ती उबवते, तिथंच पिल्लं होतात, आणि ती पोहण्याजोगी होईपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे, ती तोंड मिटून राहते. काही खात नाही. जबड्याखाली पिशवी फुगलेली दिसते. पुस्तकात वाचलं होतं, आता माझ्या घरात, कॉलनीनं टाकून दिलेल्या पाण्यात ते घडत होतं. मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. मंगलला दिवसातून तीनदा सांगितलं. रऊफभाईंना फोन केला, ते म्हणाले, “मुबारक हो! दादा बन गये तुम.”

आबांना सांगितलं नाही.

इथं मी दर वर्षी अडतो. का नाही सांगितलं? कधी वाटतं, लाज वाटली. गावाकडं कोकरं दगावत असताना माशाच्या बाळंतपणाचं कौतुक बापाला कसं सांगायचं. कधी वाटतं, त्यांना ते समजणार नाही असं मी गृहीत धरलं. समोरचा माणूस चाळीस वर्षं व्यायला आलेल्या मेंढ्यांजवळ बसलेला, त्याला समजणार नाही! आणि कधी वाटतं, यातलं काहीच नव्हतं, मी नुसता विसरलो. तिन्हींपैकी कोणतं खरं असलं तर मला बरं वाटेल, तेही ठरत नाही.

त्या दिवशी माझी पहिली पाळी होती. मंगल शिवणाच्या क्लासला गेली होती. आम्ही दोघं चारच्या सुमारास मागंपुढंच घरी पोचलो. आबा टाकीजवळ जमिनीवर बसलेले, पुढं स्टीलची बादली. बादलीत पिवळी आडवी तरंगत होती. कल्ले भराभर हलत होते.

“हे काय केलं?”

“आजारी हाये ती,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, कामाचा. “पंधरा-सोळा दिस झाले, खात नाय. जबड्याखाली पाणी उतरलंय तिच्या. मेंढराला बी उतरतं, खराब पाणी पेलं की. वेगळी काढली. चांगलं पाणी दिलं.”

“कुठलं चांगलं पाणी?”

त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं. जार रिकामा, आडवा पडला होता. गोडं पाणी, शिवाय थंडगार. मी बादलीत हात घातला, पाणी अजूनही गार होतं. तळाशी काहीतरी विखुरलेलं होतं. जिऱ्याएवढी, दोन-दोन काळे डोळे असलेली. पिवळीनं तोंड सोडलं होतं.

आणि मी बोललो. “आबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही, तर हात कशाला लावता?”

माझा आवाज कॉलनीत ऐकू गेला असेल. ज्यांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली, त्यांना मी हे म्हणालो. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही, बादलीतच बघत होते. मग म्हणाले, “पाणी उतरलं होतं तिला.”

“पाणी नाही! पिल्लं होती तोंडात. पिल्लं धरून ठेवली होती तिनं. म्हणून खात नव्हती.”

“पिल्लं?” त्यांनी मान वर केली. त्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. “मंग मला सांगितलं कामून नाय?”

मंगल रिकामा जार उचलत म्हणाली, “मामा, जार तर उद्या यायचाय. सगळं हिलाच ओतलं? मग दुपारपासून तुम्ही काय प्यालात?”

“हेच की. नळाचं.” आबा उठायला लागले, गुडघ्यानं उठू दिलं नाही. “मला काय होतंय. आधी जित्राब.”

रऊफभाईंना फोन लावला. ते ओरडलेच. “मीठा, और वो भी ठंडा? अरे बाबा! अब एकदम वापस मत डालो, झटक्यानं मरेल ती. टाकी का पानी लो, कटोरी-कटोरी डालो बादली में. घाई करू नका. दो-तीन घंटे लगने दो.”

मी वाटी घेतली. मी घाईघाईनं ओतत होतो, पाणी सांडत होतं. आबांनी ती वाटी माझ्या हातातून काढून घेतली. मग पुढचे तीन तास ते तिथंच बसले. टाकीतलं पाणी वाटीत घ्यायचं, बादलीच्या कडेनं, पिवळीला धक्का लागणार नाही असं सोडायचं, थांबायचं. पुन्हा वाटी. मायनं टाकलेल्या कोकराला बोटावरून दूध चाटवताना मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं, तोच हात होता. मी मध्ये एकदा म्हणालो, “आबा, मी करतो, तुम्ही टेका जरा.” त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नसल्यासारखं केलं. दोन्हींतला फरक मला तेव्हा कळला नाही, आताही कळत नाही.

ऊन उतरलं तेव्हा पिवळी सरळ झाली. आधी तिरकी, मग हळूच उभी. तळाशी काही पिल्लं निपचित होती. पण काही वळवळत होती, बादलीच्या कडेला अंग चिकटवून. पिवळी त्यांच्याजवळ गेली. तिनं तोंड उघडलं आणि एक पिल्लू नाहीसं झालं.

“अरं, खाल्लं तिनं!” आबा दचकून म्हणाले.

“खाल्लं नाही. आत घेतलं. भीती वाटली की ती परत आत घेते.”

दुसरं. तिसरं. आबा वाकून बघत होते. पिवळी एकेक गोळा करत होती, आणि तोंड भरत आलं तसं जबड्याखालची ती सूज परत दिसायला लागली. आबांनी आपल्या गळ्याखाली नकळत हात फिरवला.

“आन तवर ती काय खाती?”

“काहीच नाही.”

मग त्यांनी जे विचारलं, त्यानं मी आणखीच गोंधळलो. “मंग तिला त्या सरपंचाच्या गर्दीत कामून ठेवली रे? गाभण मेंढी आपण कळपात चालवतो का? वेगळीच काढतो ना?”

दुसऱ्या दिवशी रऊफभाई म्हणाले, तुमचे वडील बरोबर बोलले, मादीला वेगळंच काढायचं असतं, पण तिच्याच पाण्यात. म्हणजे आजार ओळखताना आबा चुकले, पाणी देताना चुकले. पण ती खात नाही हे त्यांनी पाहिलं, वेगळी काढायला हवी हे ओळखलं, आणि स्वतःच्या प्यायच्या पाण्याचा शेवटचा थेंब तिला दिला. मी काय केलं? मला सगळं माहीत होतं. माझ्याकडं पुस्तक होतं, तपासलेलं पाणी होतं, आणि एक वाक्य होतं.

आबांचं पोट त्या पाण्यानं दोन दिवस बिघडलं. त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. पाच पिल्लं जगली. पाऊस झाल्यावर भाऊ मेंढरं घेऊन परतला आणि आबा गावी गेले. जाताना त्यांनी टाकीच्या काचेवर बोटानं टकटक केलं, सरपंच धावून आला, आणि आबा म्हणाले, “राहा नीट.” ते कुणाला म्हणाले, मला विचारता आलं नाही.

तेव्हापासून फोनवर ते आधी माशांची चौकशी करतात, मग माझी. मी दर वेळी ठरवतो, आज बोलायचं. तोंडापर्यंत येतं आणि मी मिटून घेतो. काही गोष्टी उशिरा सोडल्या तर जगतात का, ते कुठल्याच पुस्तकात मला मिळालं नाही.

परवा ड्रम बाहेर ठेवला आणि काल आबा आले. यंदाही विहीर आटली आहे. मेंढरं आता थोडीच उरलीत, ती पुतण्या बघतो. आबांना डावीकडचं कमी दिसतं. एसटीच्या पाटीवर शहराचं नाव बदललंय हे त्यांना शेजारच्या प्रवाशानं वाचून दाखवलं. घरात येऊन ते टाकीपुढच्या खुर्चीत बसले आणि डोळा काचेजवळ नेला. आत पिवळीच्या नातींपैकी एक दगडाआड एकटी उभी होती, तोंड मिटून.

“भरलीय ही,” आबा म्हणाले. “हात लावू नका हिला.”

मी तांब्या भरून आणला होता. जारचं पाणी, थंड. तो हातात तसाच धरून मी म्हणालो, “आबा, त्या उन्हाळ्यात मी तुम्हाला जे बोललो...”

“जित्राबाला झालं का पाणी?”

“नाही. आज टाकीत भर घालायचीय.”

“मंग आधी ते कर.”

माझं डोकं ठिकाणावर नसावं. मी तांब्या घेऊनच टाकीकडं वळलो. आबांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड अजून तशीच आहे.

“ते नव्हं,” ते म्हणाले. “ते मपलं हाये. तिचं तिला दे.”

त्यांनी तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. मी बोअरच्या पाण्याची बादली आणली आणि वाटी-वाटीनं, कडेनं पाणी सोडायला लागलो. हे उत्तर होतं, की त्यांना माझं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं, याचा विचार करत होतो. मागं वळून पाहिलं. आबा भरलेला तांब्या मांडीवर धरून बसले होते. इतक्या लांबून उन्हाचे आले होते, तरी घोटभरही प्याले नव्हते.

मी घाई केली नाही. पाणी काठाला आलं, बादली रिकामी झाली, मी वाटी पालथी ठेवली. तेव्हा कुठं माझ्या पाठीमागं त्यांचा पहिला घोट वाजला.